दोन ओढ्यांच्या बेचक्यात

सुज्ञ वाचकहो, सातपुड्यातील एका ओढ्याच्या घळईत, सूर्य कलत असताना एका पतीवर जो प्रसंग गुदरला, तो मी आता यथाशक्ती निवेदन करीत आहे.

संघपालने खांद्यावरची रिकामी बाज खडकावर टेकवली आणि तो दोन ओढ्यांच्या बेचक्यात स्तब्ध उभा राहिला. उजवीकडून एक धार येत होती, डावीकडून दुसरी. दोन्ही घळई सारख्याच उंच, सारख्याच काळ्या. यांपैकी एकीत त्याची पत्नी समता नडगी मोडून पडली होती. सुट्टीच्या दिवशी वरचा डोह पाहावा म्हणून दोघे सकाळीच सुलतानपुराहून आले होते. चढताना तिचा पाय दोन शिळांमध्ये अडकला. फोनला रेंज नव्हती. तिला पाण्याकाठी बसवून तो पायथ्याच्या गावाकडे धावला होता आणि वाट चुकू नये म्हणून जागोजागी दगडावर दगड रचत गेला होता.

"सांग भाऊ लवकर, उजवी का डावी?" बाजेचे मागचे टोक धरलेल्या तुळशीरामने विचारले. तो आणि त्याचा पुतण्या राम त्याच गावातून मदतीला आले होते.

"मी दगडाच्या उतरंडी रचून ठेवल्या..." संघपाल आळीपाळीने दोन्हीकडे पाहू लागला. उतरंडी दोन्ही घळईंत होत्या. जिकडे पाहावे तिकडे.

"अरे बाप्पा! ह्या तं घर मांगणाऱ्यायच्या हायेत. ज्याले सोताचं घर नाही तो इथं येऊन दगड रचते. तुले दुसरी खूणच भेटली नाही काय बे?"

"साऱ्या वस्तीत आता याचं घर कोणतं?" राम हसला, पण संघपालचा चेहरा पाहून त्याचे हसू मावळले.

"समताऽऽ!"

दोन्ही कड्यांनी त्याचीच हाक त्याला परत केली. दुपारभर ओरडून तिचा घसा बसला असेल, की आणखी काही, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

"दिवस बुडून राह्यला," तुळशीराम म्हणाला. "चुकीच्या घळईत शिरलो तं अंधारात बाज घेऊन वापस फिरता येत नाही. अन् अस्वलाचं रान हाय. एकट्यानं कोणी पुढं जायाचं नाही."

संघपाल पाण्याशी बसला. त्याने उजव्या धारेत ओंजळ बुडवली. निर्मळ पाणी त्याच्या बोटांभोवती हळूहळू मातीने तांबूस गढूळ झाले.

"डुक्कर लोळत असंल वर," राम पुटपुटला.

संघपालला घरची गोष्ट आठवली. ओढ्यावर धुणे धुताना वरच्या अंगाला कोणी पाणी ढवळले, की समता खालून कडाकडा भांडत असे. त्याने पाणी निवळू दिले. मग उठून, छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून त्याने पुन्हा हाक मारली.

तिघेही पाण्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने ते पुन्हा तांबूस झाले.

"हाव, डुकराले हाक समजत नाही," तुळशीराम हळूच म्हणाला. "तरी अजून एक डाव हाक मार. पक्कं होऊ दे."

संघपालने तोंड उघडले. पाणी निवळत चालले होते. तळाचे खडे दिसू लागले होते. त्याने तोंड मिटले आणि वाकून बाजेचे पुढचे टोक उचलले.

"राहू द्या काका. तिले अजून किती ढवळाले लावू?"

उजव्या घळईतून वर चढताना त्याने पाण्याकडे एकदाही पाहिले नाही.

आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे निवेदन वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

— सहदेव इंगळे, वडनेर भोलजी