पहिला फोन

फोन वाजला नाही, म्हणून आश्रुबा घाबरला.

युसूफ वडगावात दिवस मावळायच्या सुमाराला वारं सुटलं, कडुलिंबाच्या फांद्या कडाकड मोडल्या आणि लाईट गेली. अशा वेळी लाईनमन आश्रुबाला पहिला फोन यायचा तो मन्मथप्पांच्या घरून. अप्पांचं किराणा दुकान, मागे घर, आणि घरात ऑक्सिजनच्या मशीनवर श्वास घेणाऱ्या कावेरीकाकू. लाईट गेली की मशीन बंद. मग लहान सिलिंडर लावायचं, आणि ते संपायच्या आत आश्रुबाने खांबावर चढायचं, वर आभाळ कडाडत असलं तरी. काकू स्वतःच फोन करायच्या. "आश्रुबा, गेली रे." त्यांचा दम तेवढ्यालाच पुरायचा.

आज गिरणीवाल्याचा फोन येऊन गेला. गावातल्या युवराजचाही आला, "मॅच चालू हाय बे, बघ की जरा." काकूंचा नाही. आश्रुबाने आपणहून लावला, तर वाजून वाजून बंद झाला.

"च्या तर घेऊन जावा," बायको छबुबाई म्हणाली.

"आल्यावर."

कमरेचा पट्टा, हेल्मेट, पक्कड, लांब काठीला बांधलेला टेस्टर घेऊन त्याने मोटारसायकलला किक मारली. पाऊस तोंडावर आडवा येत होता. त्याच्या डोक्यात मात्र एकच येत होतं, की फोन करायलाच कुणी उरलं नसेल तर?

गेल्या हिवाळ्यात अप्पांनी सरकारी योजनेतून छपरावर सोलर बसवलं, तेव्हा त्यालाच जास्त बरं वाटलं होतं. आता काकूंचं मशीन थांबणार नाही, अशी सगळ्यांची समजूत. त्यानंतर एका भर दुपारी लाईट गेली आणि सोलरही बंद पडलं. अप्पा उन्हात अंगणात उभे राहून आपल्या मुलाला विचारत होते, "वर सूर्य आग ओकतोय आन् घरात पंखा बंद? कावून रे केदारनाथ?"

सोलर बसवणारा पोरगा अजून गावातच होता. तो म्हणाला, "अप्पा, लाईन मेली की हे आपोआप बंद होतंय. न्हाई झालं तर तुमच्या छपरावरचा करंट उलटा तारेत जाईल. खांबावर माणूस असला तर जागेवर खलास."

अप्पांनी समोर पाहिलं. घरासमोरच्या खांबावर आश्रुबा चढलेला होता.

"म्हंजी ह्याच्यापायी?"

"ह्याच्यापायीच."

 आतून, नाकात नळी असलेल्या काकू म्हणाल्या, "मग बरंच हाय की."

ते वाक्य आश्रुबाला खाली उतरल्यावर केदारनाथने सांगितलं होतं. मग त्याला काकूंकडे धड बघवलं नव्हतं.

यावर उपाय होता. बॅटरी लावायची आणि इन्व्हर्टरही दुसऱ्या जातीचा घ्यायचा, जो लाईट जाताच घराला तारेपासून तोडतो आणि मगच बॅटरीवर चालवतो. केदारनाथ केजला चौकशी करून आला. "अनुदान पॅनलला हाय, बॅटरीला न्हाई."

"पॅनलचं आलं ना खात्यात? तेच बॅटरीला घाल," अप्पा म्हणाले. "पैशावर काय पॅनलचं चित्र काढलेलं असतंय व्हय?"

तेव्हापासून बॅटरी येणार येणार असं आश्रुबा ऐकत होता. गेले काही दिवस त्याची ड्युटी दुसऱ्या गावात होती, त्यामुळे पुढचं काही कळलं नव्हतं.

गल्लीच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. सगळं गाव काळोखात, आणि अप्पांच्या खिडकीत उजेड. बल्बचा, पांढरा, न फडफडणारा.

जीव भांड्यात पडायच्या ऐवजी त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. मागच्या उन्हाळ्यात असाच उजेड दिसला होता. काकूंचा जीव घाबरा झाला म्हणून केदारनाथने भाड्याचं जनरेटर आणून थेट घरातल्या सॉकेटला जोडलं होतं, मेन स्विच न पाडता. तारेला हात घालण्याआधी टेस्टर लावायची सवय होती, म्हणून आश्रुबा वाचला.

त्याने सबस्टेशनला फोन करून गावाला वीज आणणारा फीडर बंद असल्याची खात्री करून घेतली. तिकडून करंट नव्हता. राहिलं अप्पांचं घर. तुटलेली तार खांबावरून लोंबत होती. त्याने काठी लांब धरून टेस्टरचं टोक तारेला टेकवलं.

टेस्टरचा दिवा पेटला नाही.

जागा बदलून पुन्हा टेकवलं. तार मेलेली होती. खिडकीतला उजेड तसाच होता.

आश्रुबाने तोंडावरचं पाणी पुसलं. खिडकीतून मशीनची ओळखीची घरघर येत होती. तो तसाच ऐकत उभा राहिला. मग सवयीने पट्टा आवळला आणि एक पाय खांबावर ठेवला. तेवढ्यात वीज चमकली आणि खिशातला फोन वाजला. काकू.

"आश्रुबा, तुझा फोन येऊन गेला व्हय? मशीनच्या आवाजात ऐकू न्हाई आला."

"काकू, लाईट गेलती. तुमचा फोन न्हाई आला म्हनून..."

"गेली? आमाला कळलं बी न्हाई." पलीकडे त्यांनी दम घेतला. "कालच बसिवली बॅटरी. तू हायस कुठं?"

"तुमच्या दारापुढं. खांबापाशी."

खिडकीचा पडदा सरकला. नाकात नळी, कानाला फोन. काकू त्याच्याकडे बघत होत्या. मध्ये फक्त अंगण होतं, पण ओरडण्याइतका दम त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्या फोनवरच बोलल्या.

"पाय खाली घे आधी. इजा पडायल्यात. आता माझ्यासाठी चढायचं न्हाई तुला. पाऊस उघडू दे, मग चढ."

"गाव अंधारात हाय, काकू."

"बसंल की गाव घटकाभर. लई वर्षं तू बसला न्हाईस."

अप्पांनी दार उघडलं. आश्रुबाने पाय खाली घेतला. ओसरीवर येऊन पट्टा सोडला आणि खुंटीला, अप्पांच्या छत्रीशेजारी अडकवला. युवराजचा फोन पुन्हा आला. "ईज थांबली की चढतो," एवढंच त्याने सांगितलं.

केदारनाथने चहा आणला. आश्रुबा भिंतीला पाठ टेकून बसला. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. बशीत चहा ओतून, फुंकर मारत, तो सावकाश प्यायला लागला.