आत्याच्या मापाची सीट

नऊच्या नऊ गाड्या दातांच्या डॉक्टरांनी घेतल्या. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गोष्टीत अजून एकही गाडी विकलेली नाही.

बर्फाच्या एका बंद कारखान्यात आत्याचा भाचा आणि त्याचे चार मित्र ताशी साडेतीनशेने पळणारी गाडी बनवत होते. जगात नऊच निघणार होत्या. आतलं कातडं शिवायचं काम आत्याकडे. आज पहिलं गिऱ्हाईक नमुना बघून 'हो' म्हणालं तर ठीक. नाही तर कारखान्याला कुलूप आणि आत्या पुन्हा थोरल्या भावाच्या दुकानात सोफ्यांची कव्हरं शिवायला. वीस वर्षं तिने तीच शिवली होती. बहुतेक तपकिरी.

आणि घोळ तिनेच घातला होता. सीटचा साचा माणूस बसवून घेतात: पिशवीत फेस ओतायचा, वर माणूस बसवायचा, फेस घट्ट होईपर्यंत त्याने हलायचं नाही. नेमका त्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर आला नाही. त्याची स्कूटर बंद पडली.

"आत्या, तूच बस. अगदी आरामात."

आत्या आरामात बसली. म्हणजे टीव्हीसमोर बसते तशी, डावीकडे कलून.

"अगं, सरळ बस ना!"

"आता कशी बसू? खालचं सगळं दगड झालंय."

दुसऱ्या साच्याचं सामान नव्हतं. मग तिने त्या वाकड्या सीटवर लाल कातडं इतकं सुबक शिवलं, की सीट मुद्दाम वाकडी केल्यासारखी दिसू लागली.

गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर. दार पंखासारखं वर गेलं, डॉक्टर आत बसले आणि बसूनच राहिले.

"इंजिन दाखवू?" भाच्याने विचारलं.

"गप्प बसा हो जरा!" डॉक्टरांनी डोळे मिटले होते. "तीस वर्षं लोकांच्या जबड्यात डावीकडे वाकून बघतोय. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पाठीला विचारून सीट केलीय. कुणाचं डोकं हे?"

"डोकं नाही," आत्या म्हणाली, "पण माझंच आहे."

डॉक्टरांनी इंजिन न बघता सही केली आणि तिथूनच, बसल्या बसल्या, आठ मित्रांना फोन लावले. सगळे दाताचेच.

आत्याने चहात दुप्पट साखर घातली आणि परिवहन कार्यालयाला अर्ज लिहिला:

"महोदय, सदर नऊ वाहनांच्या नोंदणीपुस्तकात मालकाचा रकाना आहे, इंजिन क्रमांकाचा आहे, परंतु सीट जिच्यावरून घडली तिचा नाही. तरी तसा रकाना उघडून त्यात अर्जदाराचे नाव नऊ वेळा नोंदवावे, तसेच वाहन साडेतीनशेच्या वेगात असताना सदर नोंद पडताळण्यासाठी एक अधिकारी कायमस्वरूपी नेमावा, ही नम्र विनंती."