कासवाचं माहेर

बन्सीलालला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट अमळनेरात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे, अशी त्याची ठाम समजूत होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको नर्मदा. मॅट्रिकला इंग्रजीनंच त्याला आडवं पाडलं होतं. पण मस्कतला असलेला मेहुणा माहितीपटांच्या इंग्रजी कॅसेटी पाठवायला लागला आणि कापसाच्या जिनिंगमधल्या या कारकुनाच्या अंगात गावाला शहाणं करायचं वारं शिरलं.

"पिच्चर काय, कुणीही बघतं," तो चारचौघांत सांगे. "माणसानं माहितीपट बघावेत. ज्वालामुखी, मुंग्या, बर्फातली माणसं, घड्याळं कशी बनतात ते. त्यात एक अक्षर खोटं नसतं."

मग दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावून तो बाजूला छडी घेऊन उभा राही आणि आतला साहेब काय म्हणतोय ते अहिराणीत सांगे. साहेब काय म्हणतोय याचा त्याला गंधही नसे. त्यामुळे त्याचे पेंग्विन मानपानावरून रुसत, मुंग्या भरताच्या पार्टीला वांगी वाहून नेत आणि ज्वालामुखी हटकून कुणाच्या तरी सासूच्या स्वभावाचा निघे. पुरुष लवकरच गळाले. बायका मात्र वाढत गेल्या. गावाला माहितीपटाची गोडी लागली, म्हणून बन्सीलालची छाती फुगली.

सगळ्यांत पुढं भागाबाई अक्का बसत. त्यांची मंदा सुरतेला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. पण मंदा काही येईना. सासरचे दर वर्षी नवं निमित्त काढत. यंदाची आखाजीही रिकामीच गेली आणि नेमकं त्याच आठवड्यातल्या रविवारी बन्सीलालनं समुद्री कासवांची कॅसेट लावली. एक मादी वाळूवर चढू लागली. अक्कांचा उतरलेला चेहरा बघून बन्सीलालच्या तोंडून निघून गेलं, "हाई तिनं माहेर शे. आखाजीले उनी." मागं लाटांत आणखी एक कासव दिसलं. "आनि हाई तिनी माय. कव्हयनी वाट देखी ऱ्हायनी."

कधीची वाट बघणाऱ्या अक्कांनी डोळ्याला पदर लावला. ती कॅसेट त्यांनी पुढं पुन्हा पुन्हा लावून घेतली.

"कासवले बी माहेर दिधं तुम्ही," घरी नर्मदा म्हणाली. "माले पाचोराले कव्हय धाडतस, ते सांगा."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना हायस्कूलचे शास्त्राचे मोतीलाल सर धुळ्याला गेले आणि येताना भलं करून आले. "बन्सीभाऊ, किती घसा कोरडा कराल? तुमची कासवांची कॅसेट हिंदीत मिळाली. रविवारी हीच लावू."

बन्सीलाल कॅसेटचं खोकं उलटसुलट करत राहिला. नको म्हणावं, तर कारण काय सांगायचं? 'एक अक्षर खोटं नसतं' म्हणत गावभर मिरवणाऱ्या माणसाला आता खऱ्याचीच धास्ती वाटत होती. पेंग्विनांचं पितळ उघडं पडलं तरी चाललं असतं. पण अक्का आपल्याला लबाड म्हणतील, हे त्याला सोसवेना.

रविवारी तो छडी न घेता मागच्या बाकावर जाऊन बसला. मादी वाळूवर चढली. हिंदी आवाज म्हणाला, जिथं ती जन्मली, त्याच किनाऱ्यावर ती अंडी घालायला परत येते. बन्सीलाल चमकला. माहेर तर खरंच निघालं की. बोलाफुलाला गाठ पडली होती. त्यानं जरा कॉलर सारखी केली.

तेवढ्यात तोच आवाज पुढं म्हणाला, "अंडे देकर वह लौट जाती है. माँ और बच्चे फिर कभी नहीं मिलते."

खोलीतल्या सगळ्या माना मागं वळल्या. मोतीलाल सर तेवढे कौतुकानं मान डोलवत होते. बन्सीलालला बाकाखाली शिरावंसं वाटलं, पण बाक अरुंद होता. तो उठला, पुढं गेला आणि कॅसेट थांबवली.

"अक्का, तो सांगस ते खरं शे. तठे माय नही ऱ्हास. ते मी मन्हा मनथून सांगं व्हतं. माले विंग्रजी येस नही."

"ते बठ्ठास्ले माहीत शे, भाऊ," अक्का सगळ्या बायकांवरून हात फिरवत म्हणाल्या.

"कव्हयपाईन?" कधीपासून, ते बन्सीलालला कळेना.

"मुंग्या भरीत कराले निंघन्यात ना, तव्हयपाईन."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बन्सीलालचे कान तापले. म्हणजे इतके दिवस आपण यांना बनवत होतो, हीसुद्धा आपलीच एक थाप होती.

"मंग येतस कसाले?"

अक्का हसल्या नाहीत. "मंदा येनार नही, हाई माले घरमा बठ्ठा सांगतस. येई, असं सांगनारा तू एकलाच शे." त्यांनी पडद्यावर थिजलेल्या कासवाकडं बोट केलं. "त्या हिंदी बाबानं तोंड बंद कर. आनि माय उभी ऱ्हास ना, तठून सांग."

मोतीलाल सर काहीतरी बोलायला उठले आणि तसेच खाली बसले. बन्सीलालनं आवाज पार बंद केला, कॅसेट मागं नेऊन पुन्हा सुरू केली, कपाटामागून छडी काढली. छडीचं टोक लाटांतल्या कासवावर टेकवलं.

"हाई तिनी माय," तो म्हणाला. "कव्हयनी वाट देखी ऱ्हायनी."