नदीपलीकडची सही

कचेरीतली लिफ्ट आजही बंद होती. म्हातारी सुईण गुडघ्यांवर हात रोवत तिसरा मजला चढली. सून फाइल छातीशी धरून दोन पायऱ्या पुढे. चार वर्षांत दोघींनी इतके हेलपाटे घातले होते की शिपाई आता नुसतं "आलात?" म्हणायचा.

बाळंतिणीचं रक्त थांबेना की सुईण एका रानवेलीचं पान वाटून द्यायची. त्याच पानापासून एका कंपनीनं औषध काढलं होतं. कायद्यानं त्या औषधाच्या नफ्यात वस्तीचा वाटा होता, पण आधी हे ज्ञान वस्तीचंच, अशी सरकारी मान्यता हवी. वस्तीच्या समितीची सचिव सूनच. ठराव, नकाशे, साक्षी, सगळं तिनं एकटीनं रेटलं होतं.

"आता शेवटची सही, आजी," अधिकारी बाई म्हणाल्या.

"काय लिहिलंय?"

सुनेनं वाचलं, "हे ज्ञान केवळ आमच्याच वस्तीचं आहे."

सुईणीनं पेन खाली ठेवलं. "पान मला नदीपलीकडच्या सुईणीनं दाखवलं. हिच्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळी मीच मरायला टेकले होते, तेव्हा."

"आई, ती केव्हाच गेली," सून दबक्या आवाजात म्हणाली. "पलीकडचे आपल्याशी बोलत नाहीत. कोण विचारणार आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोन वस्त्या घातल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"मग तसं करा."

बसमध्ये सून खिडकीकडे तोंड करून बसली. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. तरी आठवड्यानं सासूला घेऊन नदी ओलांडली तिनंच.

पलीकडच्या सुईणीची मुलगी शिवणकाम करायची. मशीन न थांबवताच तिनं विचारलं, "इतक्या वर्षांनी आमची आठवण? काय अडलंय?"

"तुझ्या आईचं नाव राहिलंय कागदावर," सुईण म्हणाली. "ते घालायला आले."

मशीन थांबलं. शिंपिणीनं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "बसा. वाचून दाखवा आधी."

दोन्ही वस्त्यांच्या नावानं मान्यतेचा आदेश यायला आणखी चौदा महिने गेले. कंपनीची माणसं शाळेच्या खोलीत कराराचा मसुदा घेऊन आली.

"वेल फुलावर असताना हात लावायचा नाही," सुईणीनं सांगितलं.

"आणि मुळासकट तर कधीच नाही," शिंपीण म्हणाली.

त्यांनी ते निमूट लिहून घेतलं.

"म्हणजे पदरात काय पडलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"करार व्हायचाय अजून," सून म्हणाली. "पण आता आपल्याला विचारल्याशिवाय पान तोडता येणार नाही त्यांना."

वाटा कसा ठरवायचा, यावरून सून आणि शिंपिणीची जुंपली. दोघी कलमावर कलम काढत होत्या. सुईणीनं थोडा वेळ ऐकलं, मग भिंतीला डोकं टेकलं. तिला बसल्या जागी झोप लागली.