नंबर एकचे कपडे

चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवतोय, पण कपडा हरवला म्हणून कुणी माझ्याशी भांडायला आलेलं नाही. उशीर झाला म्हणून रोज भांडतात, ते सोडा. आलेल्या प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने पक्क्या शाईने गिऱ्हाइकाचा नंबर घालायचा, मगच तो पाण्यात टाकायचा. घरच्या कपड्यांचा नंबर एक.

आज नात दिवसभर माझ्याबरोबर दुकानात होती. वय वर्षं आठ. खरं नाव शाळेपुरतं, माझ्याकडे ती बटण. आईबाप परदेशात, ही तीन वर्षं माझ्यापाशी. परवा तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिला न्यायला आला. दोन महिने सुट्टी, मग परत आजोबांकडे, असं त्याने तिला सांगितलंय. साफ खोटं! इथल्या शाळेतून नाव काढलं, तिकडच्या शाळेत घातलंसुद्धा. वर मला म्हणतो, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. उगाच रडून गोंधळ घालेल. तिकडे रुळली की सांगू." मी मान हलवली. म्हाताऱ्याला दुसरं काय काम?

विमान उद्या पहाटेचं, पण विमानतळ लांब, म्हणून आज संध्याकाळीच निघायचं होतं. मुलगा कागदपत्रांच्या मागे गेला होता. मी तिचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरायला काढत होतो आणि बटणची टेबलावर बसून अखंड बडबड चालू होती. खिडकी मिळेल का, थंडी किती असते, एक ना दोन. मध्येच एक बाई शर्ट मागायला आल्या.

"उद्या नक्की," मी म्हणालो.

"आजोबा, हे तू त्यांना कालपण म्हणालास!"

बाई हसल्या. माझी पार शोभा झाली.

बाई गेल्या आणि बटणने नवा कोट उचलला. आईने खास तिकडून पाठवलेला, पांढराशुभ्र. कॉलर उलटी करून ओरडली, "आजोबा, यावर एक नंबर घातलास!"

बघतो तर खरंच. कोटावर, फ्रॉकवर, अगदी मोज्यांवरसुद्धा. सवयीने हात चालत राहिला, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक. आता सूनबाई माझ्या नावाने खडे फोडणार.

बटण मात्र खूश. "बरंच झालं. नंबर घातलेला कपडा घरी परत येतोच, तूच म्हणतोस ना? म्हणजे मीपण दोन महिन्यांनी येणार."

नुसतं हो म्हणायला काय लागत होतं? दिवसातून दहा गिऱ्हाइकांना थापा मारतो मी. पण हिच्यापुढे जीभ रेटेना. इस्त्री बंद केली, तिला खाली उतरवलं आणि सांगून टाकलं.

"दोन महिने नाही गं. आता तिकडेच राहायचं तू."

"आणि तू?"

"मी इथेच. दुकान आहे ना माझं."

वाटलं, आता आकांडतांडव करेल. ती कोटाची घडी घालायला लागली, मी शिकवली तशी, बाह्या आत घेऊन. तीनदा विस्कटली. मी मदतीला गेलो तर तिने माझा हात झटकला. कशाला बोललो, असं झालं.

"बाबाला माहितीये?"

"हो."

"आईला?"

"हो."

तिने बाहीने नाक पुसलं.

"मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस. बाबाला वाईट वाटेल."

आठ वर्षांची पोर हो! मी तिथेच स्टुलावर बसलो आणि तिच्यासमोर ढसाढसा रडलो. लाज नाही वाटली.

संध्याकाळी मुलगा टॅक्सी घेऊन आला. बॅगा चढल्या. बटणने माझ्या गळ्याला मिठी मारली. मग बापाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, दोन महिन्यांनी येते हं!"

मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला.

"ये हं," मी म्हणालो. "वाट बघतो."