बारावी खुंटी

विश्वासराव कुठेही आठ दिवस राहिले की त्या जागेवर व्याख्यान द्यायचा अधिकार त्यांना आपोआप मिळत असे. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे श्रोतेही मिळत. २००६च्या जुलैत ते आणि अरुणा फ्रान्सच्या डोंगरातल्या अकरा घरांच्या एका शेतकरी वस्तीत राहून आले. आणि आता ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी, वुडलँड्सच्या हॉलमध्ये, साठ मराठी माणसं एसीत कुडकुडत 'डोंगरातलं साधं जीवन' ऐकायला बसली होती.

लॅपटॉप अरुणाकडे होता. विश्वासराव "नेक्स्ट" म्हणाले की बटण दाबायचं, एवढंच तिचं काम. पण तिचा सगळा जीव दारापाशी ठेवलेल्या कागदात अडकला होता. पुढच्या जुलैत चाळीस जणांची सहल त्याच वस्तीत न्यायची, असं विश्वासरावांनी तिला न विचारता जाहीर केलं होतं आणि कागदावर नावं भराभर चढत होती. अकरा घरांत चाळीस माणसं! ज्यांच्या घरी हे दोघं राहिले त्या म्हाताऱ्या ओदीलबाईंच्या अंगणात अंताक्षरी चालू आहे, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला अक्षरशः रडू येऊ लागलं.

"हे कुरण बघा," विश्वासराव म्हणाले. "उतार कसा अंगावर येतो! आणि शांतता! इथे घड्याळ नाही, डेडलाइन नाही. नेक्स्ट."

अरुणाने बटण दाबलं. पडद्यावर वस्तीची सामायिक पावाची भट्टी आली आणि विश्वासरावांनी आपला हुकमी किस्सा काढला. शनिवारी भट्टी पेटते, सगळी वस्ती तिथल्या लांब टेबलाशी एकत्र जेवते. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं, हॉकर सेंटरच्या खाऊटपऱ्यांवर ठेवतात तसं, आणि पाव आणायला गेले. परत येऊन बघतात तर ओदीलबाई त्याच खुर्चीत बसलेल्या. त्यांनी त्यातल्याच टिश्यूने नाक शिंकरलं आणि वर आभारही मानले!

"मग मी समजावलं, आमच्या सिंगापुरात टिश्यू म्हणजे जागा धरलेली. बाई हसून हसून बेजार!"

हॉलही हसला. कागदावर आणखी तीन नावं पडली.

मग अरुणाने आपले फोटो मधे घुसवले. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा शेणाचा ढीग. दुधाच्या बादलीवर बसलेल्या माश्या. झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली बांधलेल्या सहा गाई. विश्वासराव दचकले. "हे कुठून आलं?" ते पुटपुटले.

"अय्या, किती ऑथेंटिक!" पुढच्या रांगेतली मीनल ओरडली आणि तिने नवऱ्याबरोबर सासूचंही नाव घातलं. शेणाने तर मंडळी आणखीच पेटली. आता काय करावं, अरुणाला कळेना. शेवटी, लग्नाच्या सव्वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. ती नवऱ्याच्या भाषणात उभी राहिली.

"तिथे एक घंटा आहे," ती म्हणाली. "डोंगरावर ढग दिसला की वाजते. मग हातातलं काम टाकून सगळ्यांनी दाताळं घेऊन कुरणावर जायचं. पाऊस यायच्या आत वाळलेलं गवत ओढून आत घ्यायचं."

"कोणाच्या कुरणावर?" शिरीषने विचारलं. तो मोठा मॅनेजर होता, त्याला व्यवस्था समजून घ्यायची होती.

"ज्याचं गवत वाळलंय त्याच्या."

"आणि आपलं काम राहिलं तर?"

"राहतं."

"पण पाहुण्यांना सूट असेल ना?"

"पाहुणे नसतात तिथे. जो त्या रात्री वस्तीत झोपतो, तो दुसऱ्या दिवशी गवत ओढतो. मी सहा दिवस ओढलं. हाताला फोड आले."

आता ऑथेंटिक कुणीच म्हणेना. मीनल सामोसा खाल्लेले हात धुवायला म्हणून उठली आणि परत येताना दारापाशी पेन घेऊन कागदावर जरा वाकली. मग बऱ्याच जणांना हात धुवावेसे वाटले.

"पण वहिनी," शिरीष म्हणाला, "एकाही फोटोत तुम्ही दिसत नाही."

"हे म्हणायचे, कुरण चांगलं दिसतंय, जरा बाजूला हो."

बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच ते लागलं.

तिने शेवटचा फोटो लावला. निघायच्या दिवशी विश्वासराव टॅक्सीत बॅगा चढवत असताना ओदीलबाईंनी तिला हाताला धरून गवताच्या कोठीत नेलं होतं, तेव्हा तिने तो काढला होता. भिंतीवर ओळीने अकरा खुंट्या, प्रत्येक घराची एक, आणि प्रत्येकीवर त्या घराचं दाताळं. त्यांच्या पुढे एक बारावी खुंटी, लाकूड अजून पांढरंफेक. तिच्यावर अरुणा रोज वापरायची ते दाताळं, आणि दांड्याला सुतळीने बांधलेलं टिश्यूचं पाकीट.

विश्वासराव पडद्याजवळ सरकले. पाकीट त्यांनी ओळखलं.

"आणि माझं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही फोटो काढत होतात ना," अरुणा म्हणाली आणि तिने लॅपटॉप बंद केला.