फाशी यार्डातली उदी

सोमवार हा मुलाकातीचा वार. कामठी रस्त्यावरच्या जेलच्या फाटकासमोर त्या सोमवारी सकाळी आठलाच दोनशे माणूस जमलं होतं, आणि त्यातल्या पाचजणांचंसुद्धा आत कोणी नव्हतं. बाया कुंकवाच्या रिकाम्या डब्या घेऊन आल्या होत्या. एकानं बामची बाटली धुऊन आणली होती. कन्हानहून तर अख्खी मेटॅडोर भरून आली होती, आणि मेटॅडोरच्या टपावर माईक धरून भैयाजी उभा होता. मंडप-डेकोरेशनचा धंदा असल्यामुळे माईक घरचाच होता.

"खालच्या कोर्टानं फाशी देली! वरच्या कोर्टानं फाशी देली! पण बाप्पाहो, त्याच्याहून वरचं कोर्ट कोणतं? भोलेनाथाचं! तिथं तारीख पडत नाही, वकील लागत नाही! भोलेनाथानं माह्या साळ्याले सोडलं, आन निकालाची नक्कल उदीच्या रूपानं धाडली! बोला, हर हर महादेव!"

लोक बोलले. रंभाबाई नावाच्या एका म्हातारीनं उदीनं आपला गुडघा बरा झाल्याचं सगळ्यांना ओरडून सांगितलं. सांगताना ती काठी टेकूनच उभी होती, पण त्याबद्दल तिला कोणी विचारलं नाही. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाच्या थाळीत आपोआप उदी उगवते, हे ऐकल्यावर बाकी काही विचारायचं सुचतच नसावं. साळ्याला आठ वर्षांत एकदाही भेटायला न आलेला हा भैयाजी, उदी निघाल्यापासून सहा सोमवार कसा चुकला नाही, हेही कोणी विचारलं नाही.

आत, तीन भिंतींपलीकडे, चंद्रभानला तो जयजयकार पुसटसा ऐकू आला. गेल्या सोमवारपर्यंत हा आवाज आला की त्याचे डोळे भरून येत. आज त्याला तोंड लपवावंसं वाटलं, आणि फाशी यार्डाच्या खोलीत तोंड लपवायला जागा नसते.

चंद्रभान गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात कामाला होता. तागा चोरताना मालकानं, श्रीधरनं, त्याला पकडलं आणि सगळ्या गल्लीसमोर थोबाडीत मारून हाकललं. आठ दिवसांनी दुकान पेटलं. वरच्या मजल्यावर श्रीधर, त्याची बायको मुग्धा आणि सहा वर्षांचा उन्मेष होते. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी होती. श्रीधरची आई यमुताई तेवढी वाचली, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती होती.

आग लावल्याचं चंद्रभाननं कोर्टात कबूल केलं. कडीचं मात्र कधीच नाही. "कडी मी नाही लावली. कशी लागली, मले माहीत नाही." आठ वर्षं तो हेच म्हणत आला. इतक्यांदा म्हटलं, की कधीकधी त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागे.

उदीची सुरुवात तापातून झाली. दीड महिन्यापूर्वी त्याला ताप भरला, कंपाउंडर आला, आणि त्याच्या हातून जुनं, पाऱ्याचं थर्मामीटर पडून फुटलं. कंपाउंडरनं काचा उचलल्या. पाऱ्याचा एक टपोरा थेंब मात्र घरंगळत कोपऱ्यात गेला, आणि तो चंद्रभानला दिसला. पारा म्हणजे साक्षात शंकर, हे त्यानं लहानपणी कन्हानच्या महादेवाच्या देवळात ऐकलं होतं. मूर्ती नाही, फोटो नाही, असा देवावाचून राहिलेला माणूस तो. त्यानं कागदानं तो थेंब उचलला आणि आपल्या जेवणाच्या थाळीत ठेवला. थाळी जर्मनची, नुकतीच विटकरीच्या भुकटीनं घासघासून लख्ख केलेली. पिंडीवर हात फिरवतात तसं त्यानं पाऱ्यावरून बोट फिरवलं, पाणी शिंपडलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा थाळीतून पांढुरकी राख वर येत होती. कोणी पेरल्यासारखी उगवत होती. थाळीला हात लावला तर ती कोमट लागली.

त्या दिवशी चंद्रभान हमसून रडला. देवानं आपल्याला माफ केलं, असं त्याला वाटलं. खोटं नाही, मनापासून वाटलं. यार्डाचा हवालदार केशव, साधा भाविक माणूस, त्यानं राख पाहून गजापाशीच माथा टेकला. मग तो टोपीच्या अस्तरात लपवून उदीच्या पुड्या बाहेर नेऊ लागला. पहिली पुडी त्यानं आपल्या नातीला, श्वेताला, मधातून चाटवली.

पुढे यार्डातल्या जर्मनच्या थाळ्या जाऊन स्टीलच्या आल्या, आणि उदी बंद झाली.

दर गुरुवारी कैद्यांना तपासायला येणाऱ्या डॉक्टर हर्षा त्या आठवड्यात आल्या, तेव्हा चंद्रभाननं काकुळतीनं विचारलं, "डॉक्टरबाई, देव काहून रुसला असन?"

"काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. पारा, थाळी, विटकर. डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली.

"चंद्रभान, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्या धातूवर एक पातळ कवच असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तेच त्याला हवेपासून वाचवतं. तुम्ही विटकरीनं ते खरवडलं आणि वर पारा चोळला. पारा ते कवच पुन्हा धरू देत नाही. मग हवा आणि पाणी लागून धातू सडत जातो, आणि जे वर येतं त्याला तुम्ही उदी म्हणता. लोखंडाला गंज चढतो ना, तसा हा थाळीचा गंज. स्टीलवर पाऱ्याचं काही चालत नाही."

"मंग देव?"

"देवाचं मला माहीत नाही. गंजाचं माहीत आहे. आणि त्यात पारा असतो, तो विषारी आहे. कोणाच्या पोटात नाही ना गेला?"

"नाही जी."

"उरलेला पारा कुठंय?"

"सांडला, बाई."

दोन प्रश्न आणि दोन खोटी उत्तरं. पारा औषधाच्या बाटलीच्या झाकणात, घोंगडीखाली होता.

खोटं बोलायचं कारण म्हणजे यमुताई. भैयाजीनं आदल्याच सोमवारी मुलाकातीच्या जाळीला तोंड लावून सांगितलं होतं, "म्हातारी येऊन राहिली पुढच्या सोमवारी. तिनं 'माफ केलं' म्हणून लिहून देलं तर तुह्या दयेच्या अर्जाले वजन येते, समजलं का? फक्त तिच्या डोयासमोर उदी निंघाली पाह्यजे. तेवढं तू पाह्य गा."

चंद्रभाननं पाहिलं. केशवकडून भटारखान्यातली एक जुनी जर्मनची थाळी मागून घेतली आणि ती विटकरीनं घासली. पहिल्या वेळी त्यानं थाळी घासली तेव्हा तो अडाणी होता. या वेळी तो लबाड होता, आणि हे त्याला घासताना पुरतं कळत होतं. हात थांबले नाहीत. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो, असं तो स्वतःला सांगत राहिला.

अधीक्षक साहेबांच्या खोलीत यमुताई खुर्चीत बसली होती. जाड चष्मा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर कोरा कागद. बाजूला भैयाजी, दाराशी केशव. साहेबांसमोर चहाची स्टीलची ताटली. चंद्रभाननं तिच्याकडे न पाहता जमिनीवर बसकण मारली, थाळीत थेंब सोडला, बोटानं चोळला, पाणी शिंपडलं.

दोनेक मिनिटांत राख उगवू लागली.

"पाह्य माय, पाह्य!" भैयाजीचा आवाज लगेच चढला. "कैलासाहून थेट! आता तरी पटलं का, का देवानं याले पदरात घेतलं?"

यमुताई कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आठ वर्षं मी देवाला एकच विचारत आले. माझं काय चुकलं? रोज विचारलं. मला कधी काही बोलला नाही. तुझ्याकडे मात्र आला." तिनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे चूक माझ्याकडचीच असेल. माझ्याच घरचं काही पाप असेल. देवानं तुला माफ केलं, तर मी अडवणारी कोण? द्या कागद."

आणि प्रसाद म्हणून तिनं चिमूटभर राख उचलली.

चंद्रभानला वाटलं, जमीन फाटावी. तिघांना जाळून त्याचं भागलं नव्हतं; आज तो चौथीकडून तिचंच पाप कबूल करून घेत होता. राख तिच्या ओठांशी पोचायच्या आत त्यानं तिच्या हातावर फटका मारला. केशव धावून आला.

"खाऊ नोका, माय! इख हाय थे!" चंद्रभान ओरडला. "देव नाही आला. कोणी नाही आलं. हा पारा हाय, थर्मामीटरातला. थाळी जर्मनची हाय. हा थाळीचा गंज हाय, गंज!"

"येडा झाला हा!" भैयाजी म्हणाला.

चंद्रभाननं साहेबांची ताटली ओढून घेतली, कप बाजूला ठेवला, झाकणात राहिलेला पाऱ्याचा थेंब त्यात ओघळवला, चोळला, पाणी शिंपडलं. सगळे पाहत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थेंब होता तसाच होता.

"स्टीलवर देव येत नाही का, भैयाजी?" साहेबांनी विचारलं. भैयाजी आपली चप्पल शोधू लागला.

चंद्रभान मान वर न करता बोलत राहिला. "मले चार दिवसांपासून माहीत होतं. तरी केलं. तुमच्याकडून लिहून घ्याले केलं. आन माय, तुमचं काही चुकलं नाही. कडी मीच लावली. माह्याच हातानं लावली."



"लावताना आतून आवाज येत होता?" यमुताईनं विचारलं.

"येत होता."

"कोणाचा?"

"पोराचा."

यमुताईनं डोळे मिटले. "सगळे मला सांगायचे, धुरानं झोपेतच गेले," ती म्हणाली. मग तिनं कोरा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

साहेबांनी चाचरत विचारलं, "आजी, मग काय लिहायचं?"

"आज काही नाही. माफ करायचं की नाही, ते माझं मी ठरवीन, घरी बसून. देवाच्या नावानं ते कोणी माझ्याकडून घेऊन जायचं नाही."

फाटकाबाहेरचं पुढचं चंद्रभानला केशवनं सांगितलं. यमुताईनं भैयाजीच्या हातातून माईक घेतला म्हणे. "ही उदी जर्मनच्या थाळीचा गंज आहे," ती म्हणाली. "तिच्यात पारा आहे. ज्यांनी खाल्ली त्यांनी दवाखान्यात जावं, लेकरांना आधी न्यावं. मुलगा, सून, नातू गेलेली बाई मी. देवाचा निरोप तुमच्या सगळ्यांपेक्षा मला जास्त हवा होता, म्हणून मीच आधी फसत होते. तुम्ही फसू नका. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी विचारा, थाळी कशाची आहे आणि तिला काय चोळलंय. देव असेल तर विचारल्यानं त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त लबाडाचं."

"मंग?" चंद्रभाननं विचारलं. "लोकं गेले?"

"अर्धे गेले. अर्धे म्हणून राहिले, का म्हातारीवर करणी केली. रंभाबाईचा गुडघा तेवढा पुन्हा दुखून राहिला." केशव हसला नाही. त्यानं टोपी काढून हातात धरली. "मी श्वेताले डॉक्टरबाईकडं नेऊन राहिलो. आन साहेबाले समदं सांगतो, पुड्या मीच नेल्या म्हणून. नोकरी राहिली तर राहिली. चांगला शिकलेला माणूस मी, चंद्रभान. एकदा तरी पुसाले पाह्यजे होतं."

"मलेच पुसाले पाह्यजे होतं," चंद्रभान म्हणाला.

डॉक्टर हर्षा संध्याकाळी आल्या. त्यांनी पारा बाटलीत बंद करून नेला, खोली धुऊन घेतली, आणि तुम्ही खोटं का बोललात, एवढंच विचारलं. चंद्रभाननं फक्त एक कागद आणि पेन मागितलं.

दयेचा अर्ज वकिलानं आधीच लिहून ठेवला होता. त्यात वय होतं, चांगली वर्तणूक होती, म्हाताऱ्या आईचं आजारपण होतं, आणि कडी कोणी लावली ते अज्ञात असल्याचंही होतं. चंद्रभाननं तो बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात नवा अर्ज सुरू केला. पहिली ओळ लिहायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं लिहिलं, की कडी मी लावली, आणि आतून पोरगा हाका मारत होता.